मुलींची शर्यत आणि एक जुनी हरकत

सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फिरायला जायचा माझा नेम आहे. (मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण आम्ही जुने नाशिककर अजून गोल्फ क्लबच म्हणतो.) सत्तरी ओलांडल्यावर गुडघे कुरकुरायला लागले. त्यामुळे आता फिरणं म्हणजे दोन फेऱ्या आणि मग बाकावर बसून इतरांचं फिरणं बघणं! पण बघण्यासारखं भरपूर असतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली असतात. कुणी पेठकडची, कुणी सिन्नरची, खोली घेऊन चौघी-चौघी राहणाऱ्या. धावून झालं की डबा उघडून भिजवलेले हरभरे खातात. त्यांच्याकडे बघून माझी सकाळ बरी जाते.

परवा तिथेच माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता ती स्वतः पन्नाशीला आली आहे, एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. वाकून नमस्कार केला, शेजारी बसली, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं. तुम्ही काय केलं असतंत ते सांगा."

तिच्या शाळेत आठवीत एक मूल आहे. रजिस्टरला मुलगा म्हणून नाव आहे. पण ते मूल म्हणतं, मी मुलगी आहे. आईला ठाऊक आहे, वडील ऐकून घेत नाहीत. पळायला चांगलं आहे. आणि त्याला (तिला म्हणावं का, इथूनच माझी अडचण सुरू झाली) मुलींच्या शर्यतीत धावायचं आहे. "मी काय सांगू बाई? हो म्हटलं तर बाकीच्या मुलींचे आईबाप येतील. नाही म्हटलं तर ते मूल मैदानावर यायचंच बंद होईल."

मी म्हटलं, विचार करून सांगते. चाळीस वर्षांपूर्वी अशा प्रश्नाचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं असतं, आणि ते बहुधा चुकलं असतं. घरी येऊन बरेच दिवस वाचलं, नातवाला प्रश्न विचारून भंडावलं. जे सुचलं ते इथे लिहिते आहे. पटलं नाही तर जरूर सांगा.

नातवानं पहिल्यांदा सांगितलं ते अनाया बांगरबद्दल. आपल्या बीडचे संजय बांगर आठवतात ना? २००२ साली हेडिंग्लेच्या कसोटीत ढगाळ हवेत सलामीला उभं राहून त्यांनी ६८ धावा काढल्या होत्या, द्रविडबरोबर १७० धावांची भागी केली होती आणि भारतानं तो सामना डावानं जिंकला होता. पुढे ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षकही झाले. अनाया त्यांची मुलगी. जन्माला मुलगा म्हणून आली, मुलांचं वयोगटातलं क्रिकेट खेळली, मग इंग्लंडला गेली, लेस्टरशायरमधल्या एका क्लबकडून खेळली. तिथे हार्मोनचे उपचार घेतले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःची गोष्ट जगाला सांगितली. अशा व्यक्तींना मराठीत आता पारलिंगी म्हणतात. सरकारी कागदात 'तृतीयपंथी' असतं. मला पारलिंगी हा शब्द बरा वाटतो. एका काठावरून पलीकडे गेलेली, असा काहीसा अर्थ त्यात लागतो.

अनायापुढे अडचण काय आली? आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं, म्हणजे आयसीसीनं, नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम केला होता. जी व्यक्ती मुलगा म्हणून वयात आली आहे, तिला महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही. शस्त्रक्रिया झालेली असो, औषधं चालू असोत, काही फरक पडत नाही. त्याच वर्षी कॅनडाकडून डॅनिएल मॅकगाहे ही पारलिंगी खेळाडू आंतरराष्ट्रीय सामने खेळली होती. नियम आला आणि तिचंही खेळणं थांबलं. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेनं मार्च २०२३ मध्ये असाच नियम केला. पोहण्याच्या संघटनेनं तर आधीच, जून २०२२ मध्ये.

नातू म्हणाला, "आजी, हा अन्याय नाही का?" त्याचं वय अन्यायावर चिडायचं आहे आणि ते योग्यच आहे. पण मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. का ते सांगते.

मुलींचा वेगळा गट मुळात का असतो? मुली नाजूक असतात म्हणून नव्हे. गोल्फ क्लबवरच्या माझ्या मुली बघा आणि मग नाजूक म्हणा! तो असतो कारण वयात येताना मुलाच्या शरीरात जे घडतं त्याची बरोबरी कष्टानं होत नाही. उंची, हाडांची जाडी, फुप्फुसाचं माप, स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलं-मुली जवळजवळ सारखी पळतात, हे मी शाळेच्या पटांगणावर कितीदा पाहिलं आहे. चौथीतल्या मुली मुलांना सहज मागे टाकतात. आठवी-नववीत चित्र बदलतं. आणि जगाच्या पातळीवर बघायचं तर शंभर मीटरचा पुरुषांचा विक्रम बोल्टचा ९.५८ सेकंद, बायकांचा ग्रिफिथ-जॉयनरचा १०.४९. एक सेकंदसुद्धा नाही, असं वाटेल. पण बोल्ट रेषेवर पोचतो तेव्हा ती जवळजवळ नऊ मीटर मागे असते. म्हणजे एकच शर्यत ठेवली तर जगातली सर्वांत वेगवान बाई अंतिम फेरीत दिसणारही नाही.

हा गट आयता मिळालेला नाही. बायकांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली तेव्हा संघ होते तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. बस! पुढे कितीतरी वर्षं या बायकांनी पदरमोड करून, रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करून खेळ जिवंत ठेवला. बीसीसीआयनं त्यांना पंखाखाली घेतलं ते २००६ मध्ये. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या कॉलनीत फटाके वाजले. मी गॅलरीत उभी राहून रडले. म्हातारपणी डोळे फार लवकर भरतात, पण त्या रात्रीचं कारण खरं होतं.

आमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. कविता राऊत, हरसूलजवळच्या सावरपाड्याची. डोंगरातल्या पाड्यावरची आदिवासी मुलगी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवते आणि पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 'सावरपाडा एक्स्प्रेस' नाव पडलं. तिच्यानंतर या भागातल्या किती मुली पळायला लागल्या! पदक म्हणजे नुसता धातूचा तुकडा नसतो. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. पाड्यावरच्या मुलीसाठी पदक म्हणजे वसतिगृह, बूट, नोकरी, आणि 'एवढ्यात लग्न नको' असं घरात म्हणायची हिंमत. त्या शर्यतीतली पहिली जागा कुणाला मिळते, हा प्रश्न म्हणूनच मला क्षुल्लक वाटत नाही.

आता अनायाचं म्हणणं. ती म्हणते, माझी मोजदाद करा. तिनं मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात ताकद, दमसास, स्नायू यांच्या चाचण्या करून घेतल्या आणि जून २०२५ मध्ये सांगितलं की माझे आकडे बायकांच्या मर्यादेतच आहेत. आयसीसीला आणि बीसीसीआयला तिनं आवाहन केलं की भीतीवर नको, शास्त्रावर बोला. हे आवाहन मला मनापासून आवडलं. शास्त्र काय म्हणतं तेही थोडंफार वाचलं. औषधांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांतच खाली येतं, ताकद मात्र वर्षभरात थोडीशीच उतरते, आणि उंची व हाडं तर आहेत तिथेच राहतात. शिवाय खऱ्या खेळाडूंवर झालेला अभ्यास अजून फार थोडा आहे.

पण इथे मला शाळेतली एक गोष्ट आठवते. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील असे गट असतात. वयाचे खोटे दाखले हा तिथला जुना रोग. पंधरा-सोळा वर्षांचा मिसरूड फुटलेला मुलगा तेराचा म्हणून उभा करायचे! म्हणून तर आता क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. समजा, एखादा खरोखर पंधरा वर्षांचा, पण किरकोळ अंगाचा मुलगा आला आणि म्हणाला, "बाई, मी चौदाच्या आतल्या पोरांपेक्षा बारीक आहे, माझं वजन करा, मला त्या गटात घ्या." तो खरं बोलतो आहे. त्याच्यात लबाडी नाही. तरीही आपण त्याला नाही म्हणतो. कारण गट एकेकाच्या मोजमापावर चालत नाही, सर्वांना लागू होईल अशा एका रेषेवर चालतो. रेषा आली की तिच्या पलीकडे एखादा निरपराध राहणारच. अनाया मला त्या मुलासारखी वाटते.

म्हणून विश्वचषक, ऑलिंपिक, राष्ट्रीय स्पर्धा, अशा ठिकाणी मुलगा म्हणून वयात आलेल्या व्यक्तीला बायकांच्या गटात घेऊ नये, असं माझं मत झालं आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण मत विचारलं तर ते स्पष्ट सांगावं.

इथेच लेख संपवला असता तर माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी मान डोलावली असती. पण मला अजून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मी फार उशीर केला आहे.

साल १९७८. मला नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या आणि आमच्या मुलींबरोबर मी सोबतीला गेले होते. चारशे मीटरच्या प्राथमिक फेरीत पेठ-सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेची मुलगी पहिली आली. अनवाणी. आमची मुलगी तिच्या खूप मागे दुसरी. त्या मुलीचे केस अगदी बारीक कापलेले होते, खांदे रुंद, आवाज घोगरा. आमच्याच गटातल्या कुणीतरी म्हटलं, "हा मुलगा आहे." पाच मिनिटांत ते मैदानभर झालं. आमच्या शाळेकडून लेखी हरकत गेली. हरकतीच्या कागदावर सोबत आलेल्या शिक्षिकेची सही लागत होती. ती मी केली.

मग प्रश्न आला की खात्री कोण करणार? बाई कोण आहे इथे? मीच होते. त्या मुलीला घेऊन मला एका वर्गखोलीत पाठवलं, दार लोटून घेतलं. बाहेर दोन्ही शाळांची पोरं खिडकीशी. ती मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बारा-तेरा वर्षांची असेल. मला म्हणाली, "बाई, मी काय केलं?"

मी काहीही तपासलं नाही. तेवढी अक्कल देवानं त्या क्षणी दिली. खाली बसले, तिला नाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. केस का कापले विचारलं तर म्हणाली, वसतिगृहात सगळ्यांना उवा झाल्या होत्या, सगळ्यांचेच कापले. एवढं साधं कारण! मी बाहेर येऊन म्हटलं, मुलगी आहे. हरकत फेटाळली. नियमाप्रमाणे सगळं झालं, कुणावर अन्याय झाला नाही, असं सगळे म्हणाले.

दुपारी अंतिम शर्यत झाली. ती मुलगी धावली, पण सकाळची ती नव्हतीच. चौथी आली. आमची मुलगी पहिली. तो करंडक आमच्या शाळेच्या कपाटात कितीतरी वर्षं होता आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी तो पुसायचं काम मुली करायच्या. त्या आश्रमशाळेचा संघ पुढच्या वर्षी आला तेव्हा माझे डोळे त्या मुलीला शोधत होते. ती आली नव्हती. का आली नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

म्हणजे बघा, त्या दिवशी मैदानावर एकही पारलिंगी मूल नव्हतं. तरीही एका मुलीची शर्यत गेली. 'मुलींचा गट जपायचा' म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो की आपली नजर पहिल्यांदा पडते ती मुलींवरच. ज्यांचे केस आखूड आहेत, ज्या काळ्यासावळ्या, रुंद खांद्यांच्या, घोगऱ्या आवाजाच्या आहेत त्यांच्यावर. आणि बहुतेक वेळा ती मुलगी गरिबाघरची असते, कारण तिच्या बाजूनं भांडायला कुणी आलेलं नसतं.

माझी गोष्ट एका जिल्ह्यातली. देशाची गोष्ट याहून वाईट आहे. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदरराजन. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये रौप्य जिंकली. मग लिंगचाचणी झाली आणि पदक काढून घेतलं. ती पारलिंगी नव्हती. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली होती. शरीराची घडण थोडी वेगळी, जी तिला स्वतःलाही ठाऊक नव्हती. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. पुढे तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला, वीटभट्टीवर काम केलं. नंतर प्रशिक्षक झाली, हे तिचं मोठेपण. २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंदलाही ऐन राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं. ती मात्र लढली. २०१५ मध्ये क्रीडा लवादानं तो नियम स्थगित केला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं शंभर आणि दोनशे मीटरमध्ये दोन रौप्यपदकं मिळवली. शांती आणि द्युती यांच्यात आठ वर्षांचं अंतर, पण खरा फरक एवढाच की द्युतीच्या पाठीशी वेळेवर माणसं उभी राहिली.

सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्सनं जागतिक दर्जाच्या स्पर्धांत बायकांच्या गटात उतरणाऱ्या प्रत्येकीसाठी एक जनुक चाचणी सक्तीची केली आहे. गालाच्या आतला नमुना किंवा थोडं रक्त, आयुष्यात एकदाच. बऱ्याच जणांना हे अपमानकारक वाटतं. मला ते संशयापेक्षा बरं वाटतं, कारण निदान सगळ्यांना सारखं आहे. दिसण्यावरून कुणाला वेगळं काढायचं नाही. पण त्यात एक मोठी 'पण' आहे. शांतीसारखी एखादी पाड्यावरची मुलगी त्या कागदावरून प्रथमच स्वतःविषयी काही वाचेल, तेव्हा तिच्या शेजारी कोण असेल? डॉक्टर? समुपदेशक? की बातमीदार? याची सोय आधी आणि चाचणी नंतर, असा क्रम हवा. आपल्याकडे तो उलटा असतो.

आता पुन्हा अनायाकडे येते, कारण तिच्या बाबतीत एक गोष्ट अशी घडली जी मला पटत नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवलं होतं की व्यावसायिक स्तरावरच्या वरच्या दोन पायऱ्यांवर पारलिंगी महिलांना घ्यायचं नाही, खाली क्लबच्या हौशी क्रिकेटमध्ये खेळू द्यायचं. मला ती विभागणी शहाणपणाची वाटते. पण एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा 'स्त्री' शब्दाच्या कायद्यातल्या अर्थाबद्दल निकाल आला आणि मेच्या सुरुवातीला मंडळानं बंदी थेट खालपर्यंत नेली. गावच्या क्लबात रविवारी दुपारी चहा-सँडविचच्या सुट्टीसह होणाऱ्या बायकांच्या सामन्यातसुद्धा नाही! खुल्या आणि मिश्र संघांत खेळा म्हणाले.

हे मला खटकतं. वर जागा एकच असते. पहिलं पदक एक, संघात अकरा जणी, नोकरी एक. तिथे एकीला घेतलं की दुसरी जाते, म्हणून तिथे रेषा कडक हवी. पण रविवारच्या सामन्यात कुणाचं काय जातं? तिथे माणसं खेळतात ती घाम गाळायला, मैत्रिणी जोडायला, घराबाहेर पडायला. धोक्याचा प्रश्न असेल, वेगवान चेंडूचा किंवा अंगाला अंग भिडण्याचा, तर तो त्या त्या मैदानावर बघावा. पण वरच्या पदकासाठी केलेला नियम खालच्या पटांगणावर आणणं म्हणजे आयएएसच्या परीक्षेची पात्रता वाचनालयाच्या सभासदत्वाला लावण्यासारखं आहे.

असाच भेद आमच्या पोलीस भरतीतही दिसतो. दोन पारलिंगी उमेदवारांनी मॅटकडे दाद मागितली होती. डिसेंबर २०२२ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सरकारला सांगितलं की अर्जात त्यांच्यासाठी पर्याय द्या, आणि शारीरिक चाचणीचे निकष फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत ठरवा. या चाचणीत पुरुष सोळाशे मीटर धावतात, बायका आठशे. मग यांनी किती? न्यायालयानं उत्तर दिलं नाही, पण 'मोजपट्टी आधी ठरवा, मग माणसं बोलवा' हे बजावलं. मला हे फार आवडलं. तिथे प्रश्न काम करता येईल का, याचा आहे, सगळ्यांच्या पुढे कोण, एवढाच नाही. त्यामुळे वाट काढायला जागा असते. शर्यतीत ती जागा कमी असते, आणि शाळेच्या पटांगणावर पुन्हा भरपूर असते.

या वादात मला राहून राहून शिखंडी आठवतो. (मराठी घेऊन बी.ए. केलेल्या बाईकडून महाभारत यायचंच!) भीष्मांचा नियम होता, जो पूर्वी स्त्री होता त्याच्यावर शस्त्र उचलणार नाही. पांडवांनी त्या नियमाचा उपयोग करून घेतला. शिखंडीला पुढे उभं केलं आणि मागून अर्जुनानं बाण मारले. अंबेच्या जन्मापासूनचा त्याचा संताप वेगळाच होता, पण त्या दिवशी दोन्ही सैन्यांना तो हवा होता तो ढाल म्हणून किंवा सबब म्हणून. आज तेच चाललं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी मुलींच्या खेळातून पारलिंगींना बाहेर काढायचा आदेश काढला तो भोवती मुली उभ्या करून, कॅमेऱ्यासमोर. दुसऱ्या बाजूचेही असतात, जे साधी शंका विचारणाऱ्या खेळाडू मुलीला लगेच दुष्ट ठरवतात. या दोन्ही गर्दीत ज्यांना खरंच धावायचं आहे त्यांचं कोण ऐकतं?

असो. माझ्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचं होतं. काल ती पुन्हा ट्रॅकवर भेटली तेव्हा दिलं.

मी म्हटलं, पहिली गोष्ट, त्या मुलाचं नाव आणि गोष्ट तुझ्या पोटात राहू दे. सरावाला रोज बोलव. सराव कुणाबरोबर करायचा हे त्याचं त्याला ठरवू दे. मुलींबरोबर पळायचं असेल तर पळू दे, मुलींना हरकत नसते, आईबापांना असते. शाळेच्या मेळाव्यात, क्रीडादिनाला, एक मिश्र रिले ठेव. वर्गाचा संघ, मुलं-मुली एकत्र. तिथे त्या मुलाला बाजूला काढल्यासारखं वाटणार नाही आणि कुणाची पहिली जागाही जाणार नाही. जिल्ह्याच्या पुढच्या स्पर्धेत मात्र आजच्या घडीला त्याला मुलींच्या गटात उभं करू नकोस. आणि हे त्याला तूच सांग, खाली बसून, समोरासमोर. नोटीसबोर्डावरून नको. नियम असा का आहे ते सांग. हेही सांग की यात त्याची काही चूक नाही. 'तू खोटं बोलतोस' असं कुणी म्हणत नाही, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू येऊ दे. उपचारांचं, पुढच्या आयुष्याचं आपण बोलू नये. ते आईवडील आणि चांगले डॉक्टर बघतील. वडिलांना भेटायचं असेल तर मी येते बरोबर. म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढायचं धाडस सहसा कुणी करत नाही!

"आणि बाई, ते मूल रडलं तर?" ती म्हणाली.

रडेलच. आपण त्याच्याकडून काहीतरी काढून घेतो आहोत. दुसऱ्या मुलींसाठी घेतो आहोत, कारण आहे म्हणून घेतो आहोत, पण घेतो आहोत. ते कबूल न करता 'नियम म्हणजे नियम' म्हणून पाठ फिरवू नकोस. मी १९७८ मध्ये सही करून तेच केलं होतं.

आणि शेवटची गोष्ट मी तिला दोनदा सांगितली. कुठल्याही स्पर्धेत, कुठल्याही मुलीच्या दिसण्यावरून कुणी हरकत घेतली, तर तू सही करू नकोस. शंका असेल तर कागद बघा, मुख्याध्यापकांच्या खोलीत बघा, स्पर्धेच्या आधी बघा. मैदानावरून कुठल्याही पोरीला सगळ्यांदेखत आत न्यायचं नाही. तुझ्या शाळेचा करंडक गेला तरी चालेल.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाई, तो करंडक मीसुद्धा पुसलाय."

समोर भरतीच्या मुली शेवटची फेरी मारत होत्या. त्यातल्या एकीचे केस अगदी बारीक कापलेले होते. ती सगळ्यांच्या पुढे होती.